तळ्यापलीकडची खोली

बोनारिया सोत्जू आमच्याकडे कामाला लागली त्या दिवशी मी तिला पायऱ्यांवर बसून जर्मन आकडे घोकताना पाहिलं. १९७५ सालचा एप्रिल होता. गुहेच्या तोंडाशी तिकिटाची खिडकी आहे, तिथे मी तेव्हा दोन वर्षं काढली होती. सकाळच्या बसने कापो काच्चाच्या कड्यावर उतरायचं, सहाशे चोपन्न पायऱ्या खाली जायचं आणि संध्याकाळी तेवढ्याच चढून यायचं, हा आम्हा सगळ्यांचाच शिरस्ता होता. मधल्या वळणावर वाऱ्याकडे पाठ करून एक लांबट चेहऱ्याची बाई बसली होती. मांडीवर शाळकरी वही.

"आइन, त्स्वाय... त्स्वायनंतर काय गं?" तिने मलाच विचारलं.

"मला काय ठाऊक? मी तिकिटं फाडते."

"बरं आहे बाई तुझं," ती म्हणाली आणि वहीत बघून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

ती कोण हे मला माहीत होतं. आमच्या गावात, आल्गेरोत, सगळ्यांनाच माहीत होतं. रायमोंदो सोत्जूची बायको. रायमोंदो पोवळी काढायचा. आमच्या किनाऱ्यावर लाल पोवळं खोल असतं, ऐंशी-नव्वद मीटरवर, आणि पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तिथे उतरणारी पोरं गावात राजासारखी फिरायची. आदल्या जुलैत रायमोंदोने एकाच दिवशी दुसऱ्यांदा बुडी मारली. सकाळी त्याला एक चांगली फांदी दिसली होती, ती त्याला दुसऱ्या कुणासाठी ठेवायची नव्हती. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायचं असतं, म्हणजे रक्तातली हवा हळूहळू निघून जाते. टाकी रिकामी होत आली आणि तो न थांबता वर आला. उपचाराच्या ठिकाणी पोचेपर्यंत पाच तास गेले होते. जीव राहिला. कमरेखालचं सगळं गेलं. तो तीस वर्षांचा होता, ती अठ्ठावीस. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

त्यांचं घर जुन्या गावात, तटबंदीला लागून, तिसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वळणावर चाकांची खुर्ची आडवी-उभी कशीच फिरायची नाही. पहिल्या वर्षी ईस्टरला दोघा शेजाऱ्यांनी त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. मिरवणूक बघून वर नेल्यावर तो म्हणाला, "पुन्हा नाही. बटाट्याचं पोतं सुद्धा ह्यापेक्षा मानाने जातं." त्यानंतर तो खाली उतरला नाही. खिडकीशी बसून तो एका दुकानासाठी पोवळ्यांचे मणी घासायचा. जे हातांनी वर काढायचं तेच आता पाण्याखाली धरून गुळगुळीत करायचं.

मी समोरच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळे बोनारियाबरोबर एकाच बसने जाणंयेणं झालं आणि हळूहळू मी त्यांच्या घरची झाले. तिला गुहेतली माहिती तीन भाषांत सांगावी लागणार होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो परीक्षा घ्यायचा. डोक्यावर टोपली ठेवून तो जर्मन पाहुणा व्हायचा.

"बाई, हे सुळके किती वर्षांचे?"

"लाखो वर्षांचे, महाशय. शंभर वर्षांत एक सेंटिमीटर वाढतात."

"मग वाढेपर्यंत थांबू का?"

"राय, नीट विचार ना!"

"नीटच विचारतोय. बाई, संडास कुठे आहे?"

"वर. सहाशे चोपन्न पायऱ्या."

आम्ही पोट धरून हसायचो. पुढे कळलं की पाहुणे खरंच सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात.

बोनारिया म्हणजे 'चांगली हवा'. आमच्याकडे खलाशांना सांभाळणाऱ्या मातेचं हे नाव. रायमोंदो एकदा मणी घासता घासता म्हणाला, "टाकीत हिलाच भरून न्यायला हवी होती मी." मी हसले. ती हसली नाही. उठून तिने कॉफीचं भांडं धुतलं, ते आधीच धुतलेलं होतं.

त्या पहिल्या हिवाळ्यात तो पडला. आजारी नाही, नुसता पडला. मणी घासणं बंद झालं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मी शोरबा घेऊन जायचे, तो तसाच परत यायचा. डॉक्टर म्हणाले, शरीराला नवीन काही झालेलं नाही. त्या दिवसांत वायव्येचा वारा, माएस्त्राले, असा सुटला होता की आठ-आठ दिवस गुहा बंद असायची. बोनारिया घरीच असे. पायऱ्या चढूनउतरून तिचं शरीर सुटसुटीत झालं होतं, पण चेहरा बघवत नव्हता. मग फेब्रुवारीच्या सुमारास एक दिवस मी गेले तर रायमोंदो उशीला टेकून बसला होता आणि पाव बुडवून बुडवून खात होता. मला वाटलं, तरुण रक्त आहे, उठलं. मी आईला येऊन सांगितलं सुद्धा, माणूस सावरला म्हणून.

एवढंच लक्षात यायचं की संध्याकाळी मी अचानक दार ढकललं की दोघं बोलता बोलता थांबायची. एकदा मी ऐकलं, तो विचारत होता, "मग आत पाणी कुठवर येतं?" आणि मला बघून ती म्हणाली, "ये गं पेपीना." नवराबायकोचं काही असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. बोनारिया आमच्यातली सगळ्यात चांगली मार्गदर्शक झाली. मी खिडकीतून बघायचे, तिचा गट बाहेर यायचा तेव्हा माणसं जरा वेळ बोलायची नाहीत. इतरांचे गट बाहेर पडता पडता पाणी मागायचे. ती खोटं काही सांगायची नाही. तळं, त्यातलं खारं पाणी, छतापासून जमिनीपर्यंत गेलेले स्तंभ, एकेकाळी आतल्या वाळूवर येऊन निजणारी सील, एवढंच. पण ती हळू बोलायची आणि माणसं तिच्याकडे वाकायची. पुढे माझे गुडघे बोलायला लागले, मी वरच्या कचेरीत बसायला लागले. ती मात्र रोज खाली जात राहिली.

१९९३ च्या ऑगस्टात, बोनारिया कामावर असताना, मी रायमोंदोला अंजिरं द्यायला गेले. त्याचे केस आता पांढरे झाले होते, दंड मात्र अजून खांबासारखे.

"पेपीना, बस. एक काम आहे," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात मी पन्नास वर्षांचा होतो."

"मग केक करू?"

"मला गुहा बघायची आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. गावातला माणूस गुहेत कशाला जाईल? ती पाव्हण्यांसाठी. त्या कड्याच्या पायथ्याशी त्याने शंभर वेळा बुडी मारली असेल, पण तिकीट काढून आत तो कधी गेला नव्हता.

"बोनारियाला सांग की," मी म्हटलं.

"सांगून थकलो. कधी लाटा असतात, कधी बोटीत जागा नसते, कधी खुर्ची धरायला माणसं नसतात. अठरा वर्षं तिचा समुद्र खवळलेलाच आहे." तो हसला. "तिला वाटतं मला झेपणार नाही. तू जेरोलामोला विचार. तिला कळू देऊ नकोस."

जेरोलामो बंदरातून गुहेपर्यंत पाव्हण्यांची बोट चालवायचा. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याआधी तो पोवळ्यांच्या होडीवर होता. रायमोंदो वर आला त्या दिवशी दोर त्याच्याच हातात होता. त्यानंतर तो कधी त्या घराच्या पायऱ्या चढला नव्हता. वाटेत बोनारिया दिसली तर बाजू बदलायचा. मी बंदरात जाऊन त्याला विचारलं तेव्हा तो जाळं शिवत होता. सुई हातातच राहिली.

"त्याने माझं नाव घेतलं?"

"तुझंच घेतलं."

"येतो म्हणावं," तो म्हणाला आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसला.

सप्टेंबरातला एक सोमवार ठरला. बोनारियाची सुट्टी होती. सकाळी जेरोलामो आणि त्याची दोन माणसं असे आम्ही चौघं जिना चढून गेलो. दार बोनारियाने उघडलं. हाताला पीठ लागलं होतं. आधी तिने जेरोलामोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. नवऱ्याला फिरायला न्यायला आलोय," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की ते आठवलं तरी आता लाज वाटते. "गुहेत!"

आतून रायमोंदो ओरडला, "पिठाचे हात धू आणि चपला घाल, बाई!" त्याने पांढरा सदरा घातला होता, केसांना पाणी लावलं होतं. सकाळपासून तयार होऊन बसला होता.

तिचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला. "आज नको," ती म्हणाली. "आज... वारा आहे."

"वारा?" जेरोलामो म्हणाला. "अगं, समुद्र बघ की खिडकीतून. त्यात तोंड बघून दाढी करावी."

तिने खिडकीतून पाहिलं. समुद्र खरोखरच ताटातल्या पाण्यासारखा पडला होता. तिने हात धुतले. मला वाटलं, बाई आनंदाने बावरली आहे.

जेरोलामोने त्याला स्वतःच्या पाठीवर घेतलं. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्याला धाप लागली.

"तू टाक्यांपेक्षा जड झालायस रे, रायमोंदो."

"मग त्या दिवशी दोर सोडायचा होतास."

जेरोलामो पायरीवर तसाच उभा राहिला. मग रायमोंदोने त्याच्या टकलावर एक टप्पल मारली. "चल, गाढवा. एकोणीस वर्षं वाट बघायला लावलीस." जेरोलामो चालायला लागला. त्याचे गाल ओले झाले होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

बोटीत रायमोंदोला पुढे, नाळेशी बसवला. तोंडावर वारा घेत तो एकेका खडकाला नावाने हाका मारत होता. पाव्हणे मागच्या बाकांवर. बोनारिया अगदी मागे, इंजिनाच्या धुरात जाऊन बसली. मी तिच्याशेजारी गेले.

"रागावलीस का गं?"

तिने बाकावरचं मीठ नखाने खरवडलं. मग म्हणाली, "पेपीना, तळ्याच्या टोकाला काय आहे?"

"कुठल्या? आपल्या? खडक."

"त्याच्यासाठी तिथे खोली आहे."

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. इंजिनाचा आवाज होता म्हणून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने नऊ दिवस अन्न घेतलं नव्हतं. नवव्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बोनारिया, मला एकदा तटाच्या कठड्यावर बसव आणि तू घरात जा. बाकीचं मी करतो." ती त्याच्या पायांशी बसली. काय बोलावं सुचेना, आणि तिच्या तोंडून निघून गेलं की राय, गुहेत एक जागा आहे, ती आम्ही पाव्हण्यांना दाखवत नाही.

"का बोलले, देवाला ठाऊक. म्हटलं, तळ्याच्या टोकाला मोठा खांब आहे ना, त्याच्यामागे फट आहे. सात पायऱ्या. आत खोली. तिला वरून उजेड नाही, पाण्याखालून आहे, सगळं निळं. तळाला पांढरी वाळू. आणि पाणी कोमट. आत उतरलं की पाय टेकवावे लागत नाहीत, पाणीच माणसाला उचलून धरतं." ती थांबली. "तो वळला. म्हणाला, कोमट कसं असेल? मी म्हटलं, खालून झरा आहे. म्हणाला, मग सील येत असेल. म्हटलं, येते ना, म्हातारी आहे, तिचा एक डोळा गेलाय. मग त्याने शोरबा मागितला."

"आणि अठरा वर्षं..."

"मागेल तेव्हा. वाईट दिवशी रोज. कधी तोच भर घालायचा. त्या सीलीला त्याने नाव ठेवलंय."

बोट कड्याला वळसा घालत होती. पुढे रायमोंदोने हात उंच केला आणि आम्हाला काहीतरी दाखवलं.

"आत्ताच सांग त्याला," मी म्हटलं. "इथेच. आत जायच्या आधी."

"तू सांग," ती म्हणाली.

मी उठले नाही.

गुहेच्या तोंडाशी जेरोलामोच्या माणसांनी त्याला बोटीवरच्या खुर्चीत बसवून उचललं. आत निघालेल्या पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मान खाली घातली. आम्ही गट पुढे जाऊ दिला आणि सगळ्यांच्या मागे राहिलो. सुरुवातीला तो एकेक सुळका मान वळवून बघत होता, तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "हे ते ऑर्गन... हा तो ख्रिसमसचा वृक्ष... इथे ती फ्रेंच बाई घसरली होती." तिच्या तोंडून ऐकलेलं सगळं त्याला पाठ होतं. दिव्यांच्या उजेडात तळं हिरवट दिसत होतं. पाव्हणे फोटो काढून परत फिरले, आमच्या शेजारून गेले. तळ्याच्या टोकाशी जेरोलामोच्या माणसांनी खुर्ची टेकवली. समोर मोठा खांब होता. त्याच्यामागे खडक.

त्याने जेरोलामोला म्हटलं, "तुम्ही जरा पुढे व्हा." मग तिला हळूच म्हणाला, "हं. आता दाखव."

मी पाच पावलं मागे होते. दिव्याच्या तारेचा बारीक गुणगुणाट ऐकू येत होता.

"राय," ती म्हणाली.

त्याने खांबाकडे पाहिलं. एकदा ह्या बाजूने वाकून, एकदा त्या बाजूने. खडक अख्खा होता, सुरीचं पातं जाईल एवढीही फट नव्हती. पाण्यात आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला खडक वाचता येत होता. तरी तो म्हणाला, "कोसळली का? दगडच तो. कोसळतो कधीकधी."

ती खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"गेल्या हिवाळ्यात कोसळली असेल. मोठं तुफान झालं होतं."

"कधी नव्हतीच, राय," ती म्हणाली.

तो पाण्याकडे बघत राहिला. पुढचा गट येत असल्याचा आवाज आला, कुणीतरी लहान मूल हाका मारून प्रतिध्वनी काढत होतं. मग त्याने पांढऱ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"गार आहे इथे," तो म्हणाला. "चला."

परतीला तो नाळेशी बसला नाही. मधल्या बाकावर, पाव्हण्यांमध्ये बसला. घरी पोचल्यावर जेरोलामोचे आभार मानले, माझेही मानले.

मग तो गप्प झाला. भांडला नाही, रडला नाही, जेवला सुद्धा. मणी घासत राहिला. दुकानदार म्हणाला, एवढे सुंदर मणी त्याने कधी केले नव्हते. मी बोनारियाला बसमध्ये विचारायचे, "बोलतो का?" ती म्हणायची, "मीठ मागतो."

नोव्हेंबरात एका रविवारी ती चर्चमध्ये गेली होती तेव्हा मी वर गेले. मला राहवत नव्हतं. मी म्हटलं, "रायमोंदो, रागच काढायचा असेल तर माझ्यावर काढ. ती तुझ्यासाठीच खोटं बोलली रे."

"राग?" त्याला नवल वाटलं. "राग कसला? पेपीना, तुला सांगतो. ह्या खाटेवर मी कधी राहिलोच नाही. अठरा वर्षं मी तिथे होतो. रात्री पाय दुखायचे, नसलेले पाय दुखतात माहीत आहे ना, तेव्हा तिथे जायचो. इथे नुसतं जेवायला यायचो." त्याने खाटेच्या कडेवर हात फिरवला. "आता इथे राहायला आलोय. सवय नाही."

मी खाली आले आणि जिन्यात बसून राहिले.

जानेवारीत त्याला ताप भरला. मूत्रपिंडाचं दुखणं, कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसाला ते होतंच. त्याला सास्सारीच्या इस्पितळात नेलं. औषधं चालली, ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. फेब्रुवारीत गावात समुद्री अर्चिन, ते काटेरी गोळे, फोडून खायचा हंगाम असतो. जेरोलामो रोज एक डबाभर काढून माझ्याकडे द्यायचा, इस्पितळात ने म्हणून. रायमोंदोला गिळवायचं नाही, तो नुसता वास घ्यायचा आणि झाकण लावायला सांगायचा.

एका दुपारी भेटीच्या वेळी मी गेले. बोनारिया खुर्चीत कोट घालूनच बसली होती. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता, डोळे मात्र नेहमीचे. मी डबा ठेवला. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "सांग की गं."

"काय?"

"खोली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "राय, मला..." ती म्हणाली. आणि सुरुवात केली. "खांबाच्या मागे एक फट आहे. पाच पायऱ्या उतरल्या की..."

"सात."

"सात. मग उजेड..." पाव्हण्यांना तीन भाषांत न अडखळता सांगणारी बाई, तिला पुढचा शब्द सापडेना. "उजेड वरून येतो..."

"खालून," तो म्हणाला. "राहू दे. तुला नाही जमत आता. ऐक, मी सांगतो."

आणि त्याने सांगितली. दमत, थांबत. पायरी पायरीने. चौथी पायरी निसरडी आहे, तिथे डावा हात भिंतीला लाव. पाणी आधी घोट्याला लागतं, मग गुडघ्याला. घाबरू नको, कोमट आहे. म्हातारी डाव्या कोपऱ्यात असते, तिच्या आंधळ्या डोळ्याच्या बाजूने जाऊ नको, दचकते. अशी हळूच पाठीवर हो. हं. आता पाय सोड.

बोनारिया डोळे मिटून ऐकत होती. मी खिडकीपाशी उभी होते, पलंगाकडे पाठ करून. परिचारिका येऊन म्हणाली वेळ संपली, तेव्हा तो झोपला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. दफनाला पोवळ्यांवरचे जुने सगळे आले होते. त्यातल्या दोघांना काठीशिवाय चालता येत नव्हतं. त्याला इस्पितळातून शेवटचं घरी आणलं होतं; जिन्यातून पेटी उतरवताना वळणावर ती अडकली. जेरोलामोने ती उभी केली, छातीशी धरली आणि एकट्याने खाली नेली.

बोनारिया आणखी दोन हंगाम कामावर होती. तिच्या गटातली माणसं आता पाणी मागत बाहेर यायची. ती भराभर बोलायची, सगळं बरोबर सांगायची, चूक काढायला जागा नव्हती. तळ्याच्या टोकापर्यंत ती गट नेत नसे. वरिष्ठांनी एकदा विचारलं, तर पायांचं कारण सांगितलं. ९६ साली तिने राजीनामा दिला आणि बोसाला धाकट्या बहिणीकडे, राफाएलाकडे, राहायला गेली. ते घर नदीवर आहे, तिथून समुद्र दिसत नाही.

मी तिला भेटायला जायला तीन वर्षं लावली. कारण विचाराल तर तेच, जे जेरोलामोचं होतं. शेवटी मे महिन्यात बस पकडली. ती दारात बसून बाकल्याच्या शेंगा सोलत होती. जाड झाली होती. मला बघून तिने पदार्थांची यादीच सुरू केली, काय करू, काय खाशील. राफाएला आतून ओरडली, "तिला शेंगांना हात लावायला लाव! पाव्हणी कसली!" मीही सोलायला बसले. गुडघ्यांबद्दल बोललो, बसच्या नव्या वेळांबद्दल बोललो. अर्ध्या शेंगा संपल्या तेव्हा मी म्हटलं, "बोनारिया, मी ती बोट ठरवायला नको होती."

तिचा हात थांबला नाही. "तू बोट ठरवलीस. खोली माझी होती."

"तरी."

"अगं, तो स्वतःच म्हणाला ना, कोसळली असेल. शब्द माझ्या तोंडात दिला होता त्याने. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. घरी आलो असतो, आणि दोघांनी मिळून ती पुन्हा उभी केली असती."

"मग का नाही म्हणालीस?"

तिने एक शेंग उघडली, आत किडका दाणा होता, तो अंगणात टाकला.

"दमले होते गं," ती म्हणाली.

राफाएला बाहेर आली आणि आम्ही दोघींनी सोललेले दाणे तिच्या ओच्यात ओतले. जेवून मी पाचच्या बसने निघाले. ती पुलापर्यंत पोचवायला आली होती.